पश्चिमेच्या भिंतीचा गिलावा

आमच्या इंदिरानगरच्या घराची पश्चिमेची भिंत मिस्त्रींनी आधी नाण्याने वाजवली. पाच रुपयांचं जुनं जाड नाणं चिमटीत धरून ते कोपऱ्यापासून खिडकीपर्यंत टकटक करत गेले. काही जागी आवाज आखूड आणि टणक यायचा, काही जागी बद्द. बद्द वाजलं की खडूने गोल. हात पुरेल तेवढ्या उंचीतच एकवीस गोल झाले. मग खडू खिशात टाकून ते म्हणाले, "ताई, हा गिलावा भिंतीने धरलेला नाही. रंगाने धरलाय."

हे घर बाबांनी १९८८ साली बांधलं. खाली दोन खोल्या, वर दोन, नऊ इंची विटांच्या भिंती, मध्ये काँक्रीटचे कॉलम आणि बीम. पश्चिमेचा प्लॉट अजून मोकळा आहे, त्यामुळे आडोसा कसलाच नाही. नाशिकचा पाऊस त्र्यंबक-इगतपुरीच्या मानाने थोडा, पण येतो तो वाऱ्यावर तिरका होऊन आणि थेट या भिंतीवर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला, त्याच आठवड्यात आईच्या खोलीत कपाटामागे पहिला ओला डाग उमटला. आधी हाताएवढा होता. दिवाळीपर्यंत कपाट हलवावं लागलं.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही एका ठेकेदाराकडून बाहेरून नवीन प्लास्टर करून घेतलं. जुन्यावरच थर चढवू, तोडफोड नको, आणि मजबुतीसाठी सिमेंट दुप्पट टाकू, असं त्याने सांगितलं. मला ते पटलं. जास्तीच्या गोण्यांचे पैसे मी आनंदाने दिले. काम झाल्यावर भिंत काचेसारखी गुळगुळीत दिसत होती. त्यावर पुट्टी, त्यावर चकचकीत रंग. तीन पावसाळ्यांत केसासारख्या तड्यांचं जाळं भिंतभर पसरलं, मग फुगवटे आले, आणि आईच्या खोलीतला डाग पहिल्यापेक्षा मोठा होऊन परत आला.

गेल्या वर्षी माघात पुन्हा काम काढलं ते या मिस्त्रींच्या हातून. वय साठीच्या पुढे, राहायला पंचवटीत, तिसऱ्या पिढीचे गवंडी. यावेळी मी पंधरा दिवसांची रजा घेतली आणि रोज परांचीखाली उभी राहिले. कामावर नजर ठेवायची हा हेतू नव्हता. एवढे पैसे जाऊनही मला माझ्याच भिंतीत काय चाललंय ते कळलं नव्हतं, ते कळून घ्यायचं होतं.

कारण कळलं ते तोडतानाच. मिस्त्रींच्या भाच्याने एका गोलाच्या कडेला छिन्नी लावून हातोडी मारली आणि ताटाएवढा एक तुकडा अखंड सुटून खाली आला. मिस्त्रींनी तो उलटा करून माझ्या हातात दिला. पाठ गुळगुळीत होती, आणि तिला आमचा १९८८ चा पिवळा रंग तसाच चिकटलेला होता. म्हणजे नवीन प्लास्टर विटेला कधी लागलंच नव्हतं, ते जुन्या रंगावर टेकून उभं होतं. तुकडा दगडासारखा कडक. त्यामागचं बाबांच्या वेळचं प्लास्टर नखाने खरवडलं तर वाळू सुटत होती.

"पाठ मऊ आणि पोट कडक," मिस्त्री म्हणाले. सिमेंट जितकं जास्त तितका माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं कालवण, वाळताना आकसतो. आकसणारा थर मागच्या थराला ओढतो. मागचा दुबळा असेल तर तो सोडून देतो, आणि मागचा सोडत नसेल तर पुढचा स्वतः फाटतो. आमच्याकडे दोन्ही झालं होतं. फाटलेल्या जागेतून पाणी आत जायचं, आणि वरच्या पुट्टी-रंगाच्या कवचामुळे बाहेर वाळून निघायचं नाही, ते आतल्या बाजूने खोलीत उतरायचं. पुढचा थर मागच्यापेक्षा कडक नको, हे त्यांच्या वडिलांचं सांगणं. मी ज्याला मजबुती समजून पैसे दिले तेच भिंतीला भोवलं होतं, आणि हे समजल्यावर मला त्या संध्याकाळी जेवण गेलं नाही.

पोपडे काढू म्हणता म्हणता सगळी भिंत विटेपर्यंत उघडी करायची ठरली. तीस फूट लांब, बावीस फूट उंच, खिडक्या वजा जाता सहाशे चौरस फुटांच्या वर. परांची दुहेरी उभारली, म्हणजे बांबूंच्या दोन रांगा आणि भिंतीला भोक न पाडता फळ्या. एकेरी परांचीत आडव्या बांबूचं एक टोक भिंतीत खुपसतात. ती भोकं शेवटी बुजवली जातात, आणि पावसाचं पाणी पहिल्यांदा तिथूनच शिरतं. बांबू आणि मजुरी थोडी जास्त लागली. अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळच्या दुकानातून मी दोन सेफ्टी बेल्ट आणले. मिस्त्रींनी आयुष्यात कधी लावला नव्हता. आईने वरच्या खिडकीतून "भाऊ, तुम्ही लावल्याशिवाय चहा येणार नाही" असं सांगितल्यावर लावला आणि शेवटच्या दिवसापर्यंत लावला.

विटा उघड्या झाल्यावर तीन दिवस थापी हातात आलीच नाही. लोकांना हे दिवस फुकट गेल्यासारखे वाटतात. शेजारचे काका रोज विचारायचे, सुरुवात कधी? माझ्या मते खरं काम याच दिवसांत झालं. विटांमधल्या सांध्यांतला सुटा माल टोकदार सळईने खरवडून सांधे अर्धा इंच खोल केले, म्हणजे नवा माल त्यांत शिरून पकड घेईल. तारेच्या ब्रशने धूळ आणि क्षाराची पांढरी बुरशीसारखी पूड काढली. काँक्रीटच्या बीमला आणि कॉलमला टाचे मारले, म्हणजे छोट्या छिन्नीने इंच-दीड इंचावर खड्डे पाडले, कारण काँक्रीट गुळगुळीत असतं आणि विटेसारखं पाणी ओढत नाही. त्या टाच्यांवर सिमेंट आणि जाड वाळूचा पातळ माल थापीने जोरात फेकून शिंपडला. वाळल्यावर तो भाग खरखरीत, काटेरी झाला. दोन दिवस त्याला पाणी मारलं.

वीट आणि काँक्रीट उन्हात सारखं प्रसरण पावत नाही, म्हणून दोघांच्या सांध्यावर सरळ रेषेत तडा जातो. आमच्याकडे बीमखाली तो होताच. तिथे फूटभर रुंदीची गॅल्व्हनाइज्ड चिकन मेश, म्हणजे बारीक तारेची जाळी, लावली, सहा इंच विटेवर, सहा इंच बीमवर. भाचा ती ताणून भिंतीला चिकटवत होता. मिस्त्रींनी खिळ्यांखाली वॉशर घालून जाळी जरा उचलून घ्यायला लावली, म्हणजे माल तिच्या मागे जाईल आणि जाळी थराच्या पोटात राहील. भिंतीला टेकलेली जाळी कुणालाच धरत नाही.

मधल्या काळात वाळूचं झालं ते सांगायला हवं. नदीची वाळू आता सहज मिळत नाही, काळ्या दगडाची क्रश सँडच येते. पहिला टेम्पो रिकामा झाला आणि माल कालवणाऱ्या मावशींनी मूठभर वाळू दोन्ही तळहातांत चोळून मला दाखवली. हातावर राखाडी पीठ राहिलं. "ताई, ही वाळू न्हाई, पिठी हाय." मिस्त्रींनी लोणच्याची काचेची बरणी मागितली. त्यात चार बोटं वाळू, वर पाणी, चिमूटभर मीठ, आणि झाकण लावून खूप हलवून ओट्यावर ठेवली. तीन तासांनी खाली वाळू आणि तिच्यावर बोटभर जाड चिखलाचा थर. इतकी बारीक भुकटी असली की ती पाणी जास्त मागते, आणि जास्त पाण्याचा माल वाळताना जास्त आकसतो. पुन्हा तेच तडे. मी बरणीचा फोटो पाठवून टेम्पो परत न्यायला लावला. दुसरी वाळू धुतलेली आली, तिच्या बरणीत वरचा थर जेमतेम रेषेएवढा दिसला. ती बरणी आई अजून लोणच्याला वापरत नाही.

मिश्रणाचं प्रमाण एकास चार ठरलं, एक भाग सिमेंट, चार भाग वाळू. आपल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या दरसूचीत बाहेरच्या सँड फेस, म्हणजे वर वाळूचा दाणा दिसणाऱ्या, प्लास्टरचं वर्णन आहे. एकास चारचा पंधरा मिलिमीटरचा पहिला थर, त्यात गोणीमागे एक किलो वॉटरप्रूफिंग कंपाऊंड. तो खरबरीत ठेवून किमान दोन दिवस पाणी. मग सहा ते आठ मिलिमीटरचा दुसरा थर, तोही एकास चारचाच. दाणा बाहेर काढून फिनिश, आणि चौदा दिवस क्युअरिंग, म्हणजे पाणी मारून थर ओला ठेवणं. मी हे मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बरोबर लिहिलंय. करतं कोण?" हिशेब केला तर बारा गोण्या सिमेंट आणि जेमतेम पाऊण ब्रास वाळू (ब्रास म्हणजे शंभर घनफूट). मागच्या वेळी याहून पातळ थराला वीस गोण्या गेल्या होत्या.

मोजमाप मावशींकडे. सिमेंटची ५० किलोची गोणी म्हणजे साधारण ३५ लिटर. त्याच मापाचा एक लोखंडी फर्मा त्यांनी आणायला लावला होता. घमेल्यांनी मोजलं की कधी शीग लागते, कधी नाही, आणि दुपारपर्यंत एकास चारचं एकास सहा होतं. वाळू ओलसर असली की ती फुगते, तेवढ्याच फर्म्यात वजनाने कमी बसते. म्हणून सकाळी दंवाने भिजलेली वरची वाळू त्या बाजूला सारायच्या आणि मुठीत दाबून बघायच्या. मूठ उघडल्यावर लाडू तसाच राहिला तर वाळू ओली, फर्मा जरा चढता भरायचा. सिमेंट आणि वाळू कोरडी असतानाच तीनदा उलटीपालटी करायची, रंग सगळीकडे एकसारखा दिसला की मगच पाणी. दिवसभर त्यांनी एकदाही घाई केली नाही. मजुरीच्या यादीत त्यांचं नाव बिगारी म्हणून सगळ्यांत खाली होतं. माझ्या भिंतीची निम्मी गुणवत्ता त्यांच्या हातात होती, असं मी खात्रीने सांगते.

पहिल्या थराच्या आदल्या संध्याकाळी भिंत भरपूर भिजवली. सकाळी पुन्हा हलका शिडकावा, आणि मग वाट बघायची. वीट कोरडी असेल तर मालातलं पाणी ती शोषून घेते आणि सिमेंट उपाशी राहतं. अंगावर पाणी ओघळत असेल तर माल घसरतो. मिस्त्री तळहात लावून बघायचे. हाताला गारवा लागला पाहिजे, पाणी लागता कामा नये.

मग ठिय्ये. भिंतीवर वरच्या टोकाला मालाचा पंजाएवढा चपटा गोळा, त्यावरून ओळंबा सोडून खाली दुसरा गोळा, दोन्हींचा पृष्ठभाग एका उभ्या रेषेत. असे पाच-पाच फुटांवर, कारण माल सपाट करायचा ऍल्युमिनियमचा पाटा सहा फुटी होता आणि तो एकाच वेळी दोन ठिय्यांवर टेकला पाहिजे. आडव्या रेषेला सुताची दोरी. बाबांची भिंत मध्यभागी पाऊण इंच आत गेलेली निघाली. तेवढा खड्डा एका थरात भरायचा नाही म्हणून खोलगट भागात आदल्या दिवशीच एक थर देऊन तो खरवडून ठेवला. एकाच वेळी जाड माल लावला की तो स्वतःच्या वजनाने खाली बसतो आणि वर चंद्रकोरीसारखी फट सोडतो.

माल लावतात असं आपण म्हणतो, पण मिस्त्री तो फेकत होते. थापीवर माल घेऊन मनगटाच्या एका झटक्याने. तो भिंतीवर चपकन बसायचा आणि सांध्यांत शिरायचा. थापीने दाबत लावलेल्या मालामागे हवा अडकते, तीच पुढे बद्द वाजते. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला खालच्या कोपऱ्यात, टाकीमागे, थापी दिली. पहिले सात-आठ हात माझ्या पायावर आले. ते म्हणाले, कोपर हलवू नका, फक्त मनगट, आणि थापी भिंतीजवळ पोचली की थांबवा, माल पुढे जाऊ द्या. थांबवायचं आहे हे कळल्यावर एक हात नीट बसला. तो आवाज माझ्या कानात अजून आहे. त्या कोपऱ्यातला दीड फूट माझा आहे, आणि मिस्त्रींनी तो वाजवून बघून ठेवला, काढला नाही.

दोन ठिय्यांमधली जागा भरली की पाटा खालून वर, डावीउजवीकडे करवतीसारखा हलवत ओढायचा. जादा माल पाट्यावर येतो, खड्डे दिसतात, पुन्हा माल, पुन्हा पाटा. सपाट झालं की थोडं ओढू द्यायचं, म्हणजे घट्ट होऊ द्यायचं, आणि मग खिळे ठोकलेल्या फळीने त्यावर नागमोडी ओरखडे. इतकी सुंदर सरळ झालेली भिंत ओरबाडताना बघून आईला वाईट वाटलं. पण दुसरा थर याच ओरखड्यांना धरणार होता.

चौथ्या दिवशी मिस्त्रींना नात्यातल्या एका कार्याला जावं लागलं. भाचा आणि त्याचा जोडीदार काम करत होते. जेवणाच्या सुट्टीत दोन घमेली माल उरला, सुट्टी लांबली, आणि परत येईपर्यंत तो घट्ट झाला. भाच्याने त्यात पाणी घालून तो पुन्हा कालवला आणि खिडकीखाली लावून टाकला. मावशी त्याला नको म्हणाल्या, मी ऐकलं, पण तेव्हा मला त्याचं महत्त्व कळलं नव्हतं. संध्याकाळी मिस्त्री आले. परांचीवर चढले, खिडकीखाली बोटाच्या पेराने दोनदा घासलं आणि विचारलं, "हा माल मेलेला लावलास?" कुणी काही बोललं नाही. सिमेंटला पाणी लागलं की त्याचं बांधणं सुरू होतं. अर्ध्या-पाऊण तासानंतर पाणी घालून ते मऊ करता येतं, पण तुटलेली पकड परत येत नाही. पंधरा चौरस फूट भाग त्याच संध्याकाळी, हिरवा, म्हणजे अजून कच्चा असतानाच, खरवडून खाली टाकला. भाच्याला ते रागावले नाहीत. त्याच्याच हाताने काढायला लावला, शेवटचा तुकडा निघेपर्यंत शेजारी उभे राहिले. दुसऱ्या दिवसापासून मावशींनी एका वेळी अर्धीच गोणी कालवायची असं ठरलं.

पहिला थर दोन टप्प्यांत झाला, वरचा मजला आधी, खालचा नंतर, आणि दोन्ही टप्पे बीमच्या पातळीवर जोडले. काम अर्ध्या भिंतीत कुठेही थांबवलं तर तिथे सांध्याची रेघ कायम दिसते आणि पाणीही तिथूनच वाट काढतं. बीमच्या पातळीवर आम्ही मुद्दाम आडवी खाच ठेवली, म्हणजे सांधा तिच्यात लपला. तीन दिवस या थराला पाणी दिलं.

दुसऱ्या थराचं काम बघण्यात माझे दोन दिवस कसे गेले कळलं नाही. यात वाळू चाळलेली, पण दाण्याची. मिस्त्री तो बोटभरही जाड नसलेला थर चढवायचे, पाट्याने सरळ करायचे आणि मग नुसते बसायचे. बिडी नाही, गप्पा नाहीत, अधूनमधून अंगठा टेकवायचा. अंगठ्याचा ठसा उमटतो पण माल चिकटत नाही, अशी वेळ आली की लाकडी रंधा, म्हणजे मुठीची सपाट फळी, घेऊन गोलगोल फिरवायला सुरुवात. उन्हाच्या बाजूला ही वेळ वीस मिनिटांत यायची, खिडकीच्या सावलीत चाळीस. रंध्यामागोमाग ओलसर स्पंज. हळूहळू वरचं सिमेंटचं पाणी पुसलं जातं आणि वाळूचा एकेक दाणा डोकं वर काढतो. यालाच दाणा काढणं म्हणतात. हात फिरवला तर बारीक रव्यासारखं लागतं.

गुरमाळा, म्हणजे पोलादी रंधा, मिस्त्रींनी पिशवीतून बाहेर काढलाच नाही. मागच्या ठेकेदाराने आमची भिंत त्यानेच घोटली होती. पोलादाने घोटलं की खालचं सिमेंट आणि बारीक भुकटी वर येते, तिची पातळ, कडक साय बनते आणि ती साय वाळताना तडकते. वरून कोरडं सिमेंट शिंपडून घोटलं तर आणखीच वाईट. आत, खोलीत, गुळगुळीत भिंत हवीशी असते. बाहेरच्या भिंतीवर गुळगुळीतपणाचा मोह धरू नये असं मला आता फार वाटतं. दाण्यादाण्यांची भिंत पाणी पसरवते, त्याचे ओघळ एका जागी जमू देत नाही, आणि तिच्यावरचे बारीक ताण दाण्यांमध्ये विरून जातात.

या बसण्याच्या वेळांतच मिस्त्री त्यांच्या वडिलांच्या कामाबद्दल बोलले. पंचवटीतल्या आणि सराफ बाजाराकडच्या वाड्यांची डागडुजी त्यांनी केलेली. कळीचा चुना हौदात कित्येक दिवस भिजत ठेवायचा, मग चुन्याच्या घाण्यात वाळूबरोबर दळायचा. दगडी चाक आणि गोल चराभोवती फिरणारा बैल. चुन्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर. तो गिलावा आठवडाभर लाकडी थापटण्याने थोपटत राहायचं. चुना सिमेंटइतका कडक कधी होत नाही, भिंतीबरोबर थोडा हलतो, आत शिरलेलं पाणी बाहेर सोडतो. त्यांच्या मते सिमेंट आलं आणि गवंड्याची बसून वाट बघायची सवय गेली. आजही सिमेंट, चुना आणि वाळूचं एकास एकास सहा असं मिश्रण करता येतं, आणि मला ते करून बघायचं होतं. पण तेवढा चांगला विझवलेला चुना वेळेत मिळाला नाही.

छज्जांच्या खालच्या बाजूला, कडेपासून दीड इंच आत, एक सरळ खाच पाडली. पाणी छज्जाच्या पोटाखालून भिंतीकडे सरपटत येतं, त्या खाचेपाशी त्याला खाली पडावंच लागतं. खिडक्यांच्या उंबऱ्यांना बाहेर उतार दिला. १९८८ साली आणि नंतरही या दोन गोष्टी कुणी केल्या नव्हत्या, आणि माझ्या समजुतीने आईच्या खोलीतल्या पाण्याचा मोठा वाटा तिथूनच येत होता.

पाण्याची जबाबदारी मी घेतली. पाइपचा झोत ताज्या गिलाव्यावर मारला तर दाणे धुऊन जातात. दिंडोरीला माझ्या मावसभावाची द्राक्षबाग आहे. त्याने पाठीवरचा फवारणीचा पंप दिला, नवाकोरा, औषध न भरलेला, आणि बागेवरची जुनी हिरवी शेडनेट. दुपारनंतर ऊन पश्चिमेच्या भिंतीवर सरळ येतं, ती शेडनेट परांचीवरून सोडली. पहिल्या दिवशी फक्त धुक्यासारखा फवारा, दर दोन तासांनी. तिसऱ्या दिवसापासून पाइप. सकाळी सहाला, ऑफिसला जाण्याआधी, संध्याकाळी आल्यावर आणि रात्री झोपताना. दुपारच्या दोन फेऱ्या आईच्या. ७४ वर्षांची आई खालच्या अंगणातून पाइप धरून उभी राहायची आणि शेडनेटमागून भिंत काळपट ओली झाली की बंद करायची. चौदा दिवस एकही फेरी चुकली नाही. आम्ही माघ निवडला तो यासाठीच. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत, निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर येतो तेव्हा, सिमेंट आळसावतं. एप्रिलच्या झळांत पाणी टिकत नाही.

रंगाला दीड महिना थांबलो. भिंतीवर थोडा पांढरा क्षार आला, तो कोरड्या ब्रशने झाडला, पाण्याने धुतला नाही. पाडवा झाल्यावर प्राइमर आणि बाहेरचा मॅट रंग, पुट्टी नाही. शेजारच्या काकांना भिंत अजून अपुरी वाटते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पहिला वाऱ्याचा पाऊस आला. मी छत्री घेऊन मोकळ्या प्लॉटवर जाऊन उभी राहिले. छज्जाच्या खाचेतून पाणी झालरीसारखं सरळ खाली पडत होतं, भिंतीपासून सुटं. भिंत सगळीकडे सारखी ओली झाली होती, ओघळ नव्हते. आईच्या खोलीत जाऊन कपाटाच्या जागी तळहात लावला. गार होती, ओली नव्हती. ऑगस्टपर्यंत रोज लावत राहिले. गणपतीत कपाट परत जागेवर गेलं.

एक चूक मात्र राहिली. वरच्या खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातून सप्टेंबरमध्ये एक तिरकी रेघ निघाली, केसाएवढी, साधारण वीतभर. खिडकीच्या कोपऱ्यांत ताण जमतो, तिथे जाळीचा तिरपा तुकडा लावायला हवा होता. आम्ही सांध्यांवर जाळी लावली आणि कोपरे विसरलो. मिस्त्री येऊन बघून गेले, नाण्याने वाजवलं, टणक वाजलं. त्यांनी माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली, रेघेच्या दोन्ही टोकांना आडवी खूण केली आणि शेजारी तारीख लिहिली. दर पौर्णिमेला मी खिडकीतून वाकून बघते. वरची खूण अजून रेघेच्या टोकावरच आहे. खालच्या टोकाला रेघ खुणेच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी गेली आहे, तिथे मी नवी तारीख लिहिली.